सोळावा वाटा

धामणकर नाक्यावर रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक दाबला आणि विद्युल्लताचा उजवा हात पुढे जाऊन त्याच्या पाठीवर टेकला. कापडाचे तागे लादलेला एक टेम्पो आडवा आला होता, एवढंच. कुणाला लागलं नाही. शेजारची बाई पदर सावरून पुन्हा फोनवर बोलायला लागली आणि रिक्षावाला मागे न बघता म्हणाला, "आराम से, मॅडम." तिनं हात काढून घेतला, पण तळव्याला कळायचं ते कळलं होतं. घामानं ओला शर्ट, त्याखाली ऊब, उबेखाली मणक्यांची ओळ. तिनं तळवा ओढणीला पुसला आणि पर्सच्या पट्ट्याखाली दाबून ठेवला, मोकळा सोडला तर तो आणखी काही करील अशा भीतीनं. तीन दिवस तिचं हे चाललं होतं. पोळी लाटताना, दाराची कडी काढताना, झोपताना उशीखाली हात सारताना मधेच ती थांबायची आणि तळव्याकडे बघायची. तळवा नेहमीचाच होता. करंगळीच्या मुळाशी कॉलेजातल्या प्रयोगशाळेत लागलेल्या काचेचा व्रण, बाकी काही नाही.

सोमवारी दुपारी अडीचच्या सुमाराला मानकोलीच्या गोदामात आगीचा भोंगा वाजला होता. आग नव्हती. तळमजल्यावर एका ट्रॉलीची बॅटरी चार्ज होता होता तापून धुरकटली होती, पाच मिनिटांत सगळं निस्तरलं. पण भिवंडीत वाढलेल्या माणसाला गोदाम आणि आग हे शब्द वेगवेगळे ऐकू येत नाहीत. लहानपणी गच्चीवरून काळा धूर दिसला की आज सूत जळतंय की फोम, हे ती वासावरून सांगायची आणि बहुतेक वेळा बरोबर निघायची. दुसऱ्या मजल्याची सुपरवायझर म्हणून भोंगा वाजल्यावर काय करायचं ते तिच्याकडेच होतं. हिरवं जाकीट अंगात घालायचं, बायांच्या रांगा जिन्याकडे वळवायच्या, शेवटची बाई उतरली की मग आपण उतरायचं. वर्षातून दोनदा ती हे सगळ्यांना समजावून सांगायची आणि सांगताना तिचा आवाज शाळेतल्या बाईंसारखा व्हायचा. सोमवारी ती खालच्या पटांगणात एका कंटेनरच्या सावलीत भानावर आली तेव्हा अंगात हिरवं जाकीट होतं आणि आसपास तिच्या मजल्यावरचं एकही माणूस नव्हतं. म्हणजे जाकीट घालायचं आठवलं होतं. मधलं काही डोक्यात नव्हतं, तळव्यात होतं. जिन्याचं वळण. समोर एक पाठ. पाठ हळू चालली होती. मग ती पाठ समोर नव्हती. पाच-सात मिनिटांनी तिच्या मजल्यावर कामाला येणाऱ्या, डोंगरातल्या पाड्यावरच्या बाया एकमेकींचे पदर धरून खाली उतरल्या. चौदा जणी, आणि त्यांच्या मधोमध हौसा, डाव्या हातात उजवं मनगट घेऊन. मनगट तिचं नसल्यासारखं लोंबत होतं. हौसा रडत नव्हती. पटांगणातल्या उन्हाला डोळे सरावेपर्यंत ती उंबरठ्यावर थांबली, मग तिला विद्युल्लता दिसली आणि तिनं मान हलवली, रोज सकाळी हलवायची तशीच.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला, सुश्रुतला सांगितलं. सुश्रुतची नाक्याजवळ रक्त-लघवी तपासायची लॅब होती, आणि दिवसभर लोकांना वाईट आकडे सौम्य करून सांगायची सवय त्याला घरीही सुटत नसे. तो म्हणाला, हे तू केलंस असं म्हणणंच चूक आहे. चटका बसला की हात मागे येतो, तो निर्णय मेंदूचा नसतो, मणक्याचा असतो, मेंदूला नंतर कळतं. हे खरं नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. चटक्यानं हात मागे येतो, पुढे जात नाही. पुढे जायला समोर काय आहे ते दिसावं लागतं, वाट अडली आहे हे समजावं लागतं, कोणत्या बाजूला जागा होईल याचा अंदाज लागतो. एवढं सगळं मणक्याला येत नाही. ते सगळं तिनं केलं होतं, फक्त तिला न विचारता केलं होतं. सुश्रुतनं तिच्या पाठीवर थोपटलं तेव्हा ती दचकली. मग तो पाणी घेऊन आला, आणि आणलं ते नेमकं त्याच स्टीलच्या पेल्यातून. पाचवीत असताना संगीत खुर्चीत मिळालेला पेला, त्यावर शाळेचं नाव आणि साल टोचलेलं. वीस मुली होत्या. शेवटी एक खुर्ची आणि दोघी उरल्या. ढोलकी थांबली तेव्हा दुसरी मुलगी अर्धी बसलेली होती, हे तिला इतक्या वर्षांनीही स्वच्छ आठवत होतं, आणि मग ती मुलगी जमिनीवर होती आणि सगळे टाळ्या वाजवत होते. बाईंनी पेला देताना म्हटलं होतं, चपळ आहे हो पोरगी. त्या दिवशी तळव्यानं काही आठवून ठेवलं नाही. टाळ्या होत्या म्हणून असेल.

मानकोलीला उतरून ती गोदामाच्या फाटकाकडे चालू लागली. दोन्ही बाजूंना कंटेनरची रांग, चाकांच्या उंचीची दिसणारी माणसं, चहाच्या टपरीशी उभे यूपीचे ड्रायव्हर. फाटकाबाहेर रोजच्यासारख्या पंचवीस-तीस बाया बसल्या होत्या, कुणाचा नंबर बंद झाला तर आपल्याला घेतील या आशेवर. आज गुरुवार. तीन शिफ्ट लागोपाठ चुकल्या की नंबर बंद होतो आणि बाहेरच्यांपैकी एकीला मिळतो, असा नियम. मंगळवार, बुधवार आणि आजचा दिवस धरून हौसाच्या तीन शिफ्ट संध्याकाळी पुऱ्या होणार होत्या. अपघाताच्या कागदावर शेवटी दोन चौकोन होते. पहिला, कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. दुसरा, दुसऱ्याच्या धक्क्यामुळे, आणि त्याच्यापुढे त्या दुसऱ्याचं नाव लिहायला रेघ. दुसऱ्या चौकोनात खूण असली की जखमीचा नंबर हात सांधेपर्यंत राखून ठेवतात आणि रेघेवरचं माणूस त्याच दिवशी कामावरून जातं. कागद भरायचं काम तिचंच. कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, जिन्यात गर्दी झाल्याने तोल गेला. कुणाचा तोल, कुणामुळे, याचा पत्ता लागू नये इतकं नेटकं वाक्य. कॉलेजात असताना प्रबंधात अशी वाक्यं ती पुष्कळ लिहायची. नमुने काढून टाकण्यात आले. नोंद घेण्यात आली. वाक्याला कर्ता नसला की शास्त्रीय वाटतं. मॅनेजर विवेकनं ते वाचलं, 'तोल गेला' पुरेसं आहे म्हणाला, आणि पहिल्या चौकोनात खूण केली.

प्रबंध पिठातल्या किड्यांवर होता. गव्हाच्या पिठात होणारे लालसर, भाताच्या अर्ध्या शिताएवढे किडे. दोन वर्षं ती काचेच्या बरण्यांत ते वाढवत आणि मोजत होती. बरणीत पीठ भरपूर असेपर्यंत किडे अंडी घालतात. गर्दी वाढली की तेच किडे अंडी खातात, आपली आणि दुसऱ्याची असा भेद न करता. गर्दी आणि खाल्लेली अंडी यांचा आलेख काढला तर सुरेख वळण येतं. ते वळण पहिल्यांदा कागदावर उमटलं तेव्हा तिला रात्रभर झोप आली नव्हती, इतका आनंद झाला होता. तिनं उत्साहानं निष्कर्षात लिहिलं होतं की किडे स्वतःची जागा राखण्यासाठी असं करतात. मार्गदर्शक सरांनी 'साठी' या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. किड्याला हेतू नसतो, सर म्हणाले होते, हेतू आपण लिहितो. तिनं ते वाक्य खोडलं. पण मनात ते राहिलं, आणि पुढे शिकवण्या, दोन शाळांतल्या तात्पुरत्या नोकऱ्या आणि मग हे गोदाम, असं होत गेलं तशी जिकडेतिकडे तिला बरणीच दिसायची. दुसऱ्या मजल्याच्या भिंतीवर मोठा पडदा टांगला होता. प्रत्येक बाईचा नंबर आणि तिनं दिवसभरात किती पुडकी स्कॅन करून डब्यात टाकली तो आकडा त्यावर सरकत असे. वरचे दहा हिरवे, खालचे पाच लाल. लाल राहिल्या त्यांना दुसऱ्या दिवशी ड्युटी नाही. बाया पाणी प्यायला जाईनात, बोलेनात, शेजारणीचं पुडकं चुकून आपल्या हाती लागलं तर परत देईनात. ती वरून बघायची आणि तिला वाटायचं, वळण बरोबर येतंय.

मग दिवाळीच्या आधी मुकादमानं पडघ्याच्या पलीकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरच्या पंधरा बाया आणल्या. रोज पहाटे जीपनं यायच्या आणि संध्याकाळी तशाच जायच्या. पहिले आठ दिवस त्यांचे आकडे वरखाली होते, पार्वतीचा तीनशेवर, हौसाचा शंभराच्या आत. नवव्या दिवशी पंधराच्या पंधरा जणींचे आकडे दोनशे दहा ते दोनशे चौदा यांच्यामध्ये आले आणि तिथंच राहिले. दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं. विद्युल्लताला दिसलं, कारण जिवंत प्राण्यांचे आकडे इतके जवळ कधी नसतात. इतके सारखे आकडे आले तर एक तर मोजणारा खोटं लिहितोय, नाही तर बरणीत काही वेगळंच चाललंय. तिनं दोन दिवस लक्ष ठेवलं. काही लपवाछपवी नव्हतीच. ज्यांचा हात जलद त्या आपलं झालं की पुडक्यांची टोपली मंद हाताच्या बाईसमोर सरकवायच्या, पुढे तिचा स्कॅनर घेऊन तिच्याच नंबरावर टाकायच्या. पडद्यावर बघत एकमेकींना आकडा सांगायच्या. त्यांना तो पडदा शर्यतीचा वाटतच नव्हता. कुणाला कमी पडलंय ते बघायची सोय आहे, अशी त्यांची समजूत होती. विद्युल्लतानं विवेकला सांगितलं नाही. एकूण काम तेवढंच होत होतं, नियमात ते बसत होतं की नाही हे तिनं वाचून पाहिलं नाही. मात्र त्यांच्यातली कुणी लाल होत नाही म्हटल्यावर ते पाच लाल आकडे पलीकडच्या रांगेतल्या, भिवंडीतल्या बायांच्या वाट्याला जात होते, हे तिनं टिपून ठेवलं होतं. या टिपणाचा तिला आधार वाटायचा.

जेवणाच्या सुट्टीत त्या खाली जिन्याच्या पोकळीत बसायच्या. कुणी घरून जे आणलं असेल ते, कधी उकडलेले करांद्याचे रानकंद, कधी ओढ्यातले मासे, खाकी पॅकिंग कागदावर मांडायचं आणि त्याचे वाटे घालायचे. वाटे घातले की हौसा भिंतीकडे तोंड करून पाठमोरी बसायची. पार्वती एका वाट्यावर बोट ठेवून विचारायची, "यो कोनाचा?" हौसा न बघता नाव घ्यायची. मग पुढचा. मोठा वाटा कुणाला, छोटा कुणाला, यात कुणाचं मन यायला नको म्हणून. पहिल्याच आठवड्यात विद्युल्लता जिन्यावरून खाली येत होती आणि भिंतीकडे तोंड केलेली हौसा म्हणाली, "यो लता म्याडमचा." ती थबकली. तिथं सोळा वाटे होते. त्या वेळी तिच्या मनात आलं, ड्युटी लावणाऱ्या बाईला खूश ठेवतायत. करांद्याचे तीन तुकडे हातात घेऊन ती वर गेली आणि वॉचमनला देऊन टाकले. त्यानंतर रोज सोळावा वाटा असायचा. ती खाली गेली तर घ्यायची, नाही गेली तर संध्याकाळी कागदात बांधून टेबलावर ठेवलेला मिळायचा. करांदा थोडा कडू लागतो, नंतर जिभेवर बराच वेळ राहतो. दोन महिने रोज हौसाची पाठ ती बघत होती. विटकं हिरवं पोलकं, मानेखाली एक मोठा मस, उजवा खांदा किंचित उतरता. त्यामुळे सोमवारी जिन्याच्या वळणावर समोर कोण होतं, हे तिला माहीत नव्हतं असंही म्हणता येत नव्हतं.

आज फाटकातून मजल्यावर आल्यावर तिनं जाकिटाकडे बघायचं टाळलं आणि पडदा बघितला. मंगळवारपासून तिनं त्या रांगेचे आकडे बघितलेच नव्हते. एक्केचाळीस नंबर हौसाचा. एक्केचाळीससमोर सदुसष्ट होते. ती उभी होती तोवर अडुसष्ट झाले. तिनं मागचे दिवस उघडले. मंगळवार, दोनशे अकरा. बुधवार, दोनशे बारा. फाटकावर हजेरी लागलेली, जेवणाला जाता-येता कार्ड टेकवलेलं. ज्या बाईचं मनगट प्लास्टरात होतं ती तीन दिवस बिनचूक कामावर होती. बाकीच्या चौदा जणींचे आकडेही दोनशे अकरा, बारा. चौदा माणसांत पंधरा माणसांचं काम वाटलेलं. तिनं मनात भागाकार केला. प्रत्येकीला दिवसाला पंधरा पुडकी जास्त, थोडी हातघाई, दोनदा कमी पाणी. एवढ्यात एक माणूस मावलं होतं. तिला एकदम बरं वाटलं. छातीवरचं काहीतरी उतरलं, म्हणजे आता आपल्याला काही करावं लागणार नाही असं वाटलं, आणि पाठोपाठ या बरं वाटण्याचीच शिसारी आली.

ती रांगेत गेली. पार्वतीच्या गळ्यात दोन कार्डं होती. पार्वती चाळिशीची असेल, नाकात चमकी, हात बोलतानाही थांबत नसत. पाड्यावरच्या बाया सगळ्यांना तू म्हणायच्या, विवेकलाही. सुरुवातीला तिला ते खटकायचं. हे दुसरं कार्ड कुणाचं, तिनं विचारलं. कुणाचं ते दोघींनाही दिसत होतं.

"हौसाचा हाय," पार्वती म्हणाली.

"ती तर घरी आहे ना?"

"घरीच हाय. हात तिचा मोडला. आमचं न्हाय ना मोडलं."

पलीकडची एक हसली. पार्वतीनं दोन पुडकी आपल्या स्कॅनरखालून काढली, मग स्कॅनर बदलून एक हौसाच्या. विद्युल्लतानं आवाज खाली आणला आणि जे विचारायचं नव्हतं ते विचारलं. जिन्यात तिला कुणी ढकललं, बघितलं का कुणी?

"मागं व्हती तिनं."

"मागे कोण होतं?"

पार्वतीनं तिच्याकडे बघितलं, आश्चर्यानं, एखाद्यानं आपलंच नाव विचारावं तसं. "तू व्हतीस."

टेपचं मशीन करकरत होतं. मग साहेबाला का नाही सांगितलंत, असं विद्युल्लतानं विचारलं. सांगून हात सांधतो का, पार्वती म्हणाली. जनावर मागं लागलं म्हंजे कोन कोनावर पडतं त्याचा काय, समदी पळतात. हौसाला पन सांगितला, हौसा म्हनली, जाऊंदे. एवढं पुरेसं होतं. पण विद्युल्लताला पुरेना. तिला या बायांच्या मनातलं वळण हवं होतं, कागदावर उमटेल असं. तुम्ही मला घाबरून गप्प राहिलात का, ती म्हणाली, तुमची ड्युटी मी लावते म्हणून? विचारताना तिच्या लक्षात आलं की ती जवळजवळ विनवणी करते आहे. त्यांनी हो म्हणावं. त्यांनीही आपापली जागाच राखली असं निघावं. मग जिन्यातला तळवा आणि या पंधरा बाया एकाच बरणीतल्या ठरतील, आणि तिला घरी जाऊन झोपता येईल.

"त्ये पन हाय," पार्वती म्हणाली. हातातलं पुडकं उलटं करून तिनं पट्टी शोधली, स्कॅनर टेकवला, डब्यात टाकलं. "त्ये नसंल कसा? पन तेवढाच न्हाय." आणि पुढे ती काही बोलली नाही, कारण तिच्या मते बोलणं संपलं होतं.

एक वाजता त्या खाली गेल्या. मजला रिकामा झाला. विद्युल्लता डबा न उघडता टेबलाशी बसून राहिली. त्ये पन हाय. हेतू दोन असू शकतात, दहा असू शकतात, वजन कुणाला करता येतं? सरांनी पेन्सिलीची रेघ मारली होती ती आता कुठे तिला समजत होती असं वाटलं, आणि लगेच वाटलं, समजून काय उपयोग. कागद तसाच होता. विवेककडे जायचं, दुसऱ्या चौकोनात खूण करायची, रेघेवर आपलं नाव लिहायचं. चार अक्षरं. मग त्या बायांना हे लपूनछपून काहीच करावं लागणार नाही. सकाळपासून ती तीनदा उठून विवेकच्या काचेच्या खोलीपर्यंत गेली होती आणि तीनदा पाण्याच्या पिंपाकडे वळली होती. चौथ्यांदा उठली ती रांगेत गेली. हौसाचा स्कॅनर फळीवर चालूच राहिला होता. पडद्यावर एक्केचाळीससमोर एकशे चार होते, बाकीच्यांच्या मागे. टोपली अर्धी भरलेली. तिनं एक पुडकं उचललं. चार वर्षं ती हे काम करवून घेत होती, केलं कधीच नव्हतं. पट्टी सापडेना, स्कॅनर लाल उजेड टाकून गप्प बसला. मग टुक् झालं. एकशे पाच. पुडक्यात काहीतरी मऊ होतं, लहान मुलाचं झबलं असावं. दुसरं. तिसरं. दहाव्या पुडक्याला हात आपोआप वळायला लागला, कुठे धरायचं, किती तिरकं. तोच हात. प्रत्येक टुक् बरोबर तळव्यातून काहीतरी कमी होत होतं, खरंच होत होतं, आणि तिला वाटलं, हा माझा पंधरावा भाग, मी मागून का होईना वाट्यात आले. कपाळावर घाम आला. ती स्वतःशी मोजत होती आणि बहुधा हसतही होती. एकशे अडतीस झाले तेव्हा जिन्यावर बायांचे आवाज आले आणि तिनं स्कॅनर होता तसा ठेवून दिला.

अडीच वाजता विवेक वर आला. तीस-बत्तीसचा, मान कलती करून बोलणारा मुलगा, स्वतःच्याही डोक्यावर मुंबईच्या ऑफिसातला एक पडदा असणारा. "लता मॅडम, जरा हे बघा ना. एक्केचाळीस नंबर. कार्ड एक वाजता खाली गेलंय लंचला, आणि स्कॅनर वर चौतीस पीस मारतोय." त्याचं बोट कागदावर होतं. कार्ड खाली असताना स्कॅनर चालू राहिला तर लगेच कळावं, ही सोय मागच्या वर्षी विद्युल्लतानंच सुचवली होती, काही पोरं जेवण सोडून पुढे जायला बघत होती तेव्हा. तिला ती आठवलीच नव्हती. पाड्यावरच्या बाया सुट्टीत त्या स्कॅनरला हात लावत नव्हत्या, कार्डाबरोबर जायच्या आणि कार्डाबरोबर यायच्या. तीन दिवस त्यांनी एकही चूक केली नव्हती. "आणि गंमत म्हणजे," विवेक म्हणाला, "तुमच्याच रिपोर्टमध्ये या बाईचा हात मोडलाय."

त्यानं सगळ्यांना उभं केलं. त्या रांगेवरचा कॅमेरा खोक्यांच्या थप्पीनं झाकला होता, म्हणून विचारल्याशिवाय इलाज नव्हता. लंचमध्ये हे कुणी मारलं? विद्युल्लता त्याच्या शेजारी, बायांच्या समोर उभी होती. चौदा जणी एकमेकींकडे बघत नव्हत्या, पडद्याकडे बघत होत्या. एकशे अडतीस. त्यांना चौतीसचा हिशेब लागत नव्हता आणि मग तो लागला. तिला ते दिसलं. पार्वतीची नजर पडद्यावरून उतरली आणि विद्युल्लताच्या हातावर थांबली, बोटांना लागलेल्या टेपच्या चिकट धुळीवर.

"आमी," पार्वती म्हणाली.

"आम्ही म्हणजे कोण? नाव बोल."

"समद्या."

"अरे, तुम्ही तर खाली होता सगळ्या. कार्ड दाखवतंय ना." विवेकचा आवाज चढला नाही, उलट थकला. "कसं मारणार खालून?"

"आमीच मारला," पार्वती म्हणाली, आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

विद्युल्लताला आपली जीभ टाळूला टेकलेली जाणवली. मी, एवढंच म्हणायचं होतं. एक अक्षर. तिनं श्वास घेतला, तो पूर्ण आत गेला, बाहेर आला. दुसरा घेतला. आत कुणीतरी फार शांतपणे कामं उरकत होतं, दारं लावून घेत होतं, तिला न विचारता. सुश्रुतचे हप्ते, फाटकाबाहेरच्या बाया, चाळिशीनंतर कोण ठेवतं, असलं काही मनात आलं असतं तर बरं झालं असतं, निदान तो विचार असता. काहीच आलं नाही. ती नुसती बघत होती आणि जीभ हलत नव्हती. जिन्याचं वळण असंच असणार.

"तुम्हाला काही माहीत आहे का, मॅडम?" विवेकनं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. आवाज स्वच्छ आला.

मग तो कंपनीच्या वतीनं बरंच बोलला. दुसऱ्याच्या नंबरावर काम म्हणजे फसवणूक, कुणी एकीनं कबूल केलं असतं तर एकीवर भागलं असतं, आता पंधराही नंबर बंद. त्यानं कागद पुढे केला. सुपरवायझरची सही लागत होती. तिनं सही केली. नावाची चारही अक्षरं, नेहमीच्या वळणाची, खाली बारीक रेघ. सकाळपासून जे तिला लिहवत नव्हतं ते इतकं सहज लिहून झालं.

बाया गेल्या तेव्हा कुणी भांडलं नाही. कार्डं काढून त्यांनी टेबलावर एकावर एक ठेवली, पार्वतीनं दोन ठेवली. विद्युल्लताजवळून जाताना ती थांबली नाही आणि तिनं तोंडही फिरवलं नाही. रोजच्यासारखी मान हलवली की नाही, हे विद्युल्लताला सांगता आलं नसतं, कारण ती त्या वेळी कार्डं बघत होती. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज एका लयीत उतरत गेला, वळणावर जरा मंद झाला, मग पटांगणात विरला. जीप संध्याकाळी यायची होती. तोवर त्या फाटकाबाहेर बसणार, नव्या आशेनं आत बघणाऱ्या बायांच्या शेजारी. अर्ध्या तासात त्यांतल्या पंधरा जणी आत आल्याही. नंबर तेच, बाया नव्या. पडद्यावर एक्केचाळीससमोर शून्य उमटलं, आणि नव्या बाईनं पहिलं पुडकं उचलताना शेजारणीच्या टोपलीकडे चोरून बघितलं.

चार वाजता ती खाली उतरली. का उतरली ते तिला ठाऊक नव्हतं. वळणावर तिनं कठडा धरला. जिन्याच्या पोकळीत खाकी कागद अजून पसरलेला होता, चारी कोपऱ्यांवर खडे ठेवलेले. त्यावर ओलसर डाग होते, एका ओळीत चार, अशा चार ओळी. तिनं मोजले. पंधरा डाग रिकामे. सोळाव्यावर करांद्याचे तीन तुकडे होते, सालीसकट, वरून पिवळट पडलेले. वाटे एक वाजता घातले असणार, ती वर टुक् टुक् करत होती तेव्हा. हौसा नव्हती, म्हणजे दुसरी कुणीतरी भिंतीकडे तोंड करून बसली असणार आणि हौसाचं नाव घेतलं असणार, आणि कधीतरी तिचं. हौसाचा वाटा घरी न्यायला उचलला होता. हा राहिला होता. जाताना चौदा जणी या कागदावरूनच गेल्या असतील. कुणी उचलला नाही. रागानं ठेवला, विसरून ठेवला, की एकदा नाव घेतलेला वाटा दुसऱ्या कुणाचा होतच नाही म्हणून ठेवला, हे विचारायला आता फाटकाबाहेर जावं लागलं असतं. ती तशीच उभी राहिली. बाहेर एक कंटेनर मागे येत होता, त्याची पिपाणी वाजत होती. हा वाटा घ्यायचा आपल्याला हक्क नाही, असं वाक्य तिच्या मनात जुळत आलं, पूर्ण, कर्त्यासकट.

इतक्यात वर जिन्यावर पावलं वाजली. नवीन बायांपैकी कुणीतरी खाली येत होतं. विद्युल्लतानं वर बघितलं, आणि पुन्हा खाली बघितलं तेव्हा कागद रिकामा होता आणि तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती.